शनिवारी पेन न उघडणारी मुलगी

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्यात सातवीची वर्गशिक्षिका आहे. यंदा वर्गात एक बेने इस्राएल मुलगी आलीये, आडनाव गावावरून आलेलं, शेवटी कर, घरी मराठीच बोलतात, त्यामुळे जूनमध्ये मला कळलंच नाही की ती ज्यू आहे. शनिवारी कधीच येत नाही. चाचणीचा गणिताचा पेपर २१ सप्टेंबर २०२६ ला लागलाय आणि आई म्हणते त्या दिवशी त्यांचा सगळ्यात मोठा उपास आहे. ऑफिसमधून उत्तर आलं, एकीसाठी वेळापत्रक बदलत नसतं. त्यात परवा एका मुलाने तिला विचारलं, तुमचा देश इस्रायल ना, मग इथे कशाला राहता? ती गप्पच बसली. मला वाटतं तिलाच वर्गासमोर आपल्या धर्माबद्दल बोलायला सांगावं. चालेल का?

उत्तर : बाई, आधी शेवटचं सांगते, तिला उभं करू नका. बारा वर्षांच्या पोरीने चाळीस जणांना स्वतःबद्दल समजावून सांगायचं, हे ओझं आपलं आहे, तिचं नाही.

माझी चूक सांगते. माझ्याही वर्गात अशी एक मुलगी होती, ती शनिवारी यायची, पण पेन उघडायची नाही. वही समोर, हात मांडीवर, आणि फळ्याकडे इतकं लक्ष देऊन बघायची. मी तिला आळशी म्हटलं, बाकावर उभं केलं. नंतर तिच्या आजीने शांतपणे सांगितलं की शब्बाथला लिहायचं नसतं, शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. ती मुलगी रविवारी मैत्रिणीच्या वहीतून सगळं उतरवून काढायची. मला आजही वाईट वाटतं. आणि हे सगळ्या घरांत सारखं नसतं, कुणी शाळेत पाठवतात कुणी नाही, म्हणून पुस्तकात शोधू नका, आईलाच विचारा.

२१ सप्टेंबरचा तो दिवस योम किप्पूर. रविवारी सूर्यास्ताला सुरू, सोमवारी रात्रीपर्यंत पाणीसुद्धा नाही. जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, दारं लावून घरात बसायचे म्हणून. मुली बारा वर्षांच्या झाल्या की पूर्ण उपास धरतात, म्हणजे तुमच्या मुलीचा कदाचित हा पहिलाच असेल! त्या दिवशी गणिताचा पेपर ठेवायचा? वेळापत्रक बदलू नका हवं तर, तिचा एकटीचा पेपर बुधवारी घ्या, आजारी मुलांचा घेतोच ना आपण. ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि त्यात हेही लिहा की २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय. त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि आपल्या अधिक मासासारखा अधूनमधून जास्तीचा महिना येतो, त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा जूनमध्येच आईकडून सगळ्या तारखा लिहून घ्यायच्या. पेसाख या त्यांच्या सणाचे आठ दिवसही विचारून ठेवा, तेव्हा पाव बिस्किट काही चालत नाही, वाढदिवसाचा केक आग्रहाने तिच्या हातात देऊ नका.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याला रागावू नका, पण सोडूनही देऊ नका. इतिहासाच्या तासाला तुम्हीच बोला, तिचं नाव न घेता. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं हे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांचीच आडनावं. ठाण्यातलं शार हाशामाईम सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं आहे, तुमच्या शाळेतली कितीतरी मुलं रोज त्याच्यावरून जात असतील. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे ते मुंबईचे महापौर होते, बेने इस्राएलच. एवढं ऐकल्यावर 'इथे कशाला राहता' हा प्रश्न उरत नाही. इस्रायलच्या लढाईबद्दल मुलं बोलणारच, बोलू दे, पण तिथल्या सरकारने काय केलं याचा जाब ठाण्यातल्या सातवीच्या पोरीला कुणी विचारायचा नाही, हे ठामपणे सांगा.

अजून एक, कडक सरांना मुलं सर्रास हिटलर म्हणतात, स्टाफरूममध्ये आपणही म्हणतो. साठ लाख ज्यू मारले त्याने, त्यात पंधरा लाखांच्या आसपास तर लहान मुलं होती. ती मुलगी ते नाव हसण्यावारी ऐकत बाकावर बसलेली असते. हे आधी आपण थांबवूया.

कधी त्यांनी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या घरच्या आभाराच्या विधीला, बोलावलं तर नक्की जा, गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाची प्रार्थना, सगळं मराठी घरातलंच वाटेल. आईला फोन मात्र आजच करा. आणि शुक्रवार असेल तर दिवेलागणीच्या आधी.