सर्व्हरची रॅम जाते कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ऑफिसात ६४ जीबी रॅमचा प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक कंटेनर चालवणारी प्रणाली) सर्व्हर आहे. डिस्कवर झेडएफएस फाइलसिस्टीम, त्यावर १२ एलएक्ससी कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणाऱ्या वेगवेगळ्या लिनक्स खोल्या). सगळ्या कंटेनरांच्या रॅमची बेरीज जेमतेम १९ जीबी होते, पण होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर, ५७ जीबी ‘यूज्ड’ दाखवतो. रीबूट केलं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. परवा रात्री एका कंटेनरमधला डेटाबेस मारला गेला. गळती शोधायची कुठे?
— वाचक, विक्रोळी

उत्तर : गळती म्हणण्याआधी हिशेब जुळवा. ५७ मधून १९ गेले, उरले ३८. यातले ३२च्या आसपास बहुधा झेडएफएसच्या ‘आर्क’ने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कॅशने धरले आहेत. जुन्या इन्स्टॉलेशनवर आर्कला निम्म्या रॅमपर्यंत फुगायची मुभा असते. प्रॉक्समॉक्स ८.१पासून नव्या इन्स्टॉलेशनला ती १० टक्के, फार तर १६ जीबी ठेवली आहे. जुनाच सर्व्हर अपग्रेड करत आणला असेल तर ही नवी मर्यादा आपोआप लागत नाही.

लिनक्सची नेहमीची पेज कॅश म्हणजे दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलेली बॅग. कोणी आलं की मालक ती उचलून मांडीवर घेतो. म्हणूनच ‘फ्री’ कमांडमध्ये ती वेगळी दिसते आणि ‘अव्हेलेबल’मध्ये धरली जाते. आर्कचं कामही तेच, पण कर्नलच्या हिशेबात तो कॅश नाही. तो सगळा ‘यूज्ड’मध्ये पडतो. शिवाय हा मालक बॅग उचलायला वेळ लावतो. बॅकअप चालू असताना कोणी एकदम पाच-सहा जीबी मागितले, तर आर्क आवरता घेईपर्यंत ओओएम किलर (रॅम संपली की एखादा प्रोग्राम मारणारी कर्नलची यंत्रणा) आपलं काम करून मोकळा होतो.

‘आर्क_समरी’ कमांडने आर्कचा आकार पाहा. तो खरंच ३०-३२ असेल तर मर्यादा घाला. प्रॉक्समॉक्सचा ठोकताळा आहे २ जीबी मुळात, वर स्टोरेजच्या दर टीबीमागे १ जीबी. तुमचं स्टोरेज ४ टीबी असेल तर ६ झाले. आमच्या मते ८ द्या, डिस्क हळू पडली असं कोणी म्हणणार नाही. आकडा बाइटमध्ये लागतो : ८५८९९३४५९२. आधी तो ‘सिस’खाली झेडएफएस मॉड्यूलच्या पॅरामीटरांमधल्या ‘झेडएफएस_आर्क_मॅक्स’ फाइलीत लिहा. मर्यादा लगेच बदलते, आर्क मात्र सावकाश उतरतो. मग तोच आकडा ‘मॉडप्रोब.डी’मधल्या झेडएफएसच्या कॉन्फ फाइलीत कायमचा घाला. रूट डिस्कही झेडएफएसवर असेल तर त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टीम) अपडेट करावीच लागते. ही पायरी हमखास राहते, आणि रीबूटनंतर जुनीच मर्यादा परत येते. आणखी एक खाच : आर्कची खालची मर्यादा रॅमच्या १/३२, म्हणजे तुमच्याकडे २ जीबी. वरची मर्यादा तितकीच किंवा त्याहून कमी दिली तर ती मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. एरर वगैरे काही येत नाही.

आता डेटाबेस कोणी मारला ते पाहा. होस्टवर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ओओएमच्या ओळी शोधा. ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ लिहिलं असेल तर कंटेनरने स्वतःचीच मर्यादा ओलांडली, आर्कचा त्यात हात नाही. नुसतंच ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर होस्टची रॅम संपली होती.

पहिला प्रकार असेल तर त्या कंटेनरच्या सीग्रुपमधली (कंटेनरची रॅम मोजणारा आणि तिला मर्यादा घालणारा कर्नलचा गट) ‘मेमरी.स्टॅट’ फाइल उघडा. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत चार ओळी पुरतात. ‘अॅनॉन’ रोज वाढत असेल तर प्रोग्रामच रॅम धरून बसलाय. ‘स्लॅब’ (कर्नलच्या स्वतःच्या नोंदी) मोठा असेल तर कुठेतरी लाखो बारीक फाइली चाळल्या जात आहेत. ‘फाइल’ मोठी असेल तर काळजी नको, पण त्यातून ‘शमेम’ वजा करून मगच. कारण ‘शमेम’ म्हणजे टीएमपीएफएस, रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टीम : दिसायला कॅश, पण स्वॅप नसेल तर एक पानही परत मिळत नाही. ही बॅग नव्हे, बसलेला प्रवासी.

एलएक्ससीमध्ये हा प्रवासी बहुतेक वेळा जर्नलडी, म्हणजे लॉग साठवणारी सेवा, असतो. कंटेनरमध्ये ‘व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल तर लॉग ‘रन’खाली, थेट रॅममध्ये साठतात. टीएमपीएफएसची टक्केवारी होस्टच्या ६४ जीबीवर काढली जाते, कंटेनरच्या ५१२ एमबीवर नाही. त्यामुळे जर्नलडीला वाटतं, जागा मुबलक आहे. ‘जर्नलसीटीएल’च्या व्हॅक्यूम-साइज पर्यायाने लॉग ३२ एमबीवर आणा, आणि ‘जर्नलडी.कॉन्फ’मध्ये ‘रनटाइममॅक्सयूज’ तेवढंच ठेवा. लॉग महत्त्वाचे असतील तर ती डिरेक्टरी तयार करून जर्नलडी रीस्टार्ट करा. मग ते डिस्कवर जातील.

प्रश्न : डॉकरमधलं जावा अॅप दर दोन-तीन दिवसांनी १३७ कोड देऊन बंद पडतं. कंटेनरला २ जीबी दिलेत, ‘एक्सएमएक्स’ही (जावाच्या हीपची कमाल मर्यादा) २ जीबीच ठेवलाय. रॅम वाढवू का?
— वाचक, अंधेरी पूर्व

उत्तर : १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिग्नल ९ने मारलं. पण तो ओओएमनेच दिला असं नाही. ‘डॉकर स्टॉप’ला १० सेकंदांत दाद मिळाली नाही तरी हाच कोड येतो. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ ट्रू आहे का ते आधी बघा.

असेल तर दोष तुमच्या आकड्यांतच आहे. ‘एक्सएमएक्स’ फक्त हीपला, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टच्या जागेला, लगाम घालतो. मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक (६४ बिट लिनक्सवर सहसा प्रत्येकी १ एमबी), डायरेक्ट बफर हे सगळं हीपच्या बाहेर. २०० थ्रेड असले तर नुसत्या स्टॅकची कमाल मर्यादाच २०० एमबी. २ जीबीच्या कंटेनरला ‘एक्सएमएक्स’ १३०० ते १४०० एमबी ठेवून सुरुवात करा. जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) वापरणारी इमेज असेल तर ‘मॅलॉक_अरीना_मॅक्स’ हा व्हेरिएबल २ करून पाहा. ६४ बिटवर जीलिबसी कोअरच्या आठपट अरीना (रॅम वाटपाचे वेगवेगळे साठे) उघडू शकते आणि मोकळी झालेली रॅम त्यांत अडकून राहते. जावा ८ची १९१पूर्वीची अपडेट असेल तर आधी ती बदला. आज ‘एक्सएमएक्स’ दिलाय म्हणून निभावतंय. तो काढला तर ती जावा कंटेनरची मर्यादा न बघता होस्टच्या रॅमचा चौथा हिस्सा हीपसाठी धरेल.

प्रश्न : दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) ‘ड्रॉप_कॅशेस’ या कॅश रिकामी करणाऱ्या फाइलीत ३ लिहितो. ग्राफ छान खाली येतो. चालेल ना?
— वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही, क्रॉनमधून ती ओळ काढा. कॅश पुसली की पुढची दहा मिनिटं सगळे कंटेनर तेच पुन्हा डिस्कवरून वाचतात. खरी अडचण ‘अॅनॉन’ किंवा टीएमपीएफएसमध्ये असेल तर तिला याने धक्काही लागत नाही. ग्राफवर ‘यूज्ड’ऐवजी ‘अव्हेलेबल’ लावा, आणि कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल व त्यात पीएसआय (रॅमच्या टंचाईने कामं किती अडतात ते मोजणारी सोय) चालू असेल तर ‘प्रॉक’खालच्या ‘प्रेशर’मधली ‘मेमरी’ फाइल सोबत ठेवा. तिच्या ‘फुल’ ओळीतला ‘एव्हीजी६०’ (गेल्या ६० सेकंदांची सरासरी) शून्याजवळ असेल तर कॅश कितीही भरलेली दिसो, तिला हात लावू नका.