‘गुरखा ऑफिसर’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न असा आहे: एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या चरित्राचा मराठी अनुवाद करताना एका पानावर चरित्रनायकालाच ‘गुरखा ऑफिसर’ म्हटलेले आढळते आणि पुढच्या पानावर त्याच्या हाताखालच्या सुभेदारालाही. दोन्ही ठिकाणी ‘गुरखा अधिकारी’ लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. १९४७ पूर्वीच्या गुरखा पलटणींत अधिकाऱ्यांचे दोन वेगळे वर्ग होते. राजाचे कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सनद, घेऊन आलेला तो ‘ब्रिटिश ऑफिसर’. व्हाइसरॉयचे कमिशन मिळालेला जमादार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर तो ‘गुरखा ऑफिसर’. कंपनी, म्हणजे काही प्लाटूनींची मिळून झालेली तुकडी, ब्रिटिश अधिकाऱ्याकडे असे, तीस-चाळीस माणसांची प्लाटून जमादार-सुभेदाराकडे. आयुष्य पलटणीत घालवलेला सुभेदार मेजरसुद्धा नियमाने कालपरवा आलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच मोडे. मात्र तो कोवळा लेफ्टनंटही त्याला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारी. युद्धदैनंदिनीतल्या हानीच्या तक्त्यात ‘बी.ओ.’, ‘जी.ओ.’ आणि ‘जी.ओ.आर.’ असे रकाने दिसतात: ब्रिटिश अधिकारी, गुरखा अधिकारी आणि इतर हुद्द्यांवरचे गुरखे. म्हणजे लष्करी कागदात ‘गुरखा ऑफिसर’ हा ठरीव अर्थाचा शब्द आहे. इंग्रज अधिकाऱ्याला तो लावतात ती बोलण्यातली ढिलाई.

म्हणून चरित्रनायकासाठी ‘गुरखा पलटणीतला ब्रिटिश अधिकारी’ असे लिहावे. शब्द लांबतो, पण घोटाळा टळतो. दुसऱ्यासाठी सरळ हुद्दा द्यावा: सुभेदार अमुक थापा. फक्त पहिल्या उल्लेखाला ‘व्हाइसरॉयचे कमिशन असलेला’ एवढे जोडावे, कारण मराठी वाचकाच्या कानाला सुभेदार म्हटले की आधी मल्हारराव होळकर आठवतात, म्हणजे अख्खा सुभा सांभाळणारा माणूस.

ही गफलत किती दूर जाते ते व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाच्या बाबतीत दिसते. गुरखा पलटणीच्या वाट्याला हा सन्मान प्रथम आला तो १८५८ च्या लढाईसाठी, लेफ्टनंट जॉन टायटलर याला. तो ब्रिटिश होता. हिंदी सैन्यातले देशी सैनिक १९११ पर्यंत या पदकाला पात्रच नव्हते. गुरखा माणसाला ते पहिल्यांदा मिळाले १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवरच्या कामगिरीसाठी, रायफलमन कुलबीर थापा याला. ‘पहिला गुरखा व्हिक्टोरिया क्रॉस’ असे मोघम लिहिले की सत्तावन्न वर्षांचा फरक पुसला जातो.

कारकिर्दीतले इतर शब्दही तपासून घ्यावेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेला ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम याचे उदाहरण घ्या. तो ‘१/६ गुरखा रायफल्स’मध्ये अ‍ॅडज्युटंट होता आणि १९३८ मध्ये ‘२/७’चा प्रमुख झाला. आधीचा आकडा बटालियनचा, नंतरचा रेजिमेंटचा: सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन, सातवीची दुसरी. त्याचे ‘एक षष्ठांश’ होऊ देऊ नये, आणि क्रम उलटाही करू नये. अ‍ॅडज्युटंटला ‘सहायक’ म्हणणे साफ चूक. बटालियनचे हुकूम, शिस्त, कवायत आणि कामाच्या पाळ्या पाहणारा तो अधिकारी. कोणाचा खासगी मदतनीस नव्हे. शब्द तसाच ठेवावा. आणि ‘प्लाटून’ला ‘पलटण’ म्हणू नये. उच्चार जवळचा असला तरी लष्करी बोलीत पलटण म्हणजे बटालियन. तीस-चाळीस माणसांच्या तुकडीला पलटण म्हटले तर जमादाराच्या हाती अख्खी बटालियन दिल्यासारखे होते.

१९४७ नंतरचा मजकूर असेल तर शब्द बदलतात. दहा रेजिमेंटांपैकी दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेल्या, उरलेल्या सहा भारताकडे राहिल्या. ब्रिटिश सैन्यात व्हाइसरॉयच्या कमिशनच्या जागी ‘किंग्ज गुरखा ऑफिसर’ आणि राणी एलिझाबेथ गादीवर आल्यावर ‘क्वीन्स गुरखा ऑफिसर’ आले. भारतात तोच वर्ग ‘ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर’ झाला आणि पुढे जमादाराचा नायब सुभेदार झाला. भारतीय रेजिमेंटांच्या नावात आता ‘गोरखा’ असते, ब्रिटिश नावांत ‘गुरखा’. तेव्हा १९४४ च्या प्रसंगात ‘५ गोरखा रायफल्स’ किंवा ‘नायब सुभेदार’ दिसले तर ते दुरुस्त करावे.