मॅडम, माझी जागा चुकली का?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो माझ्याकडे समुपदेशनाला आला. चांदवड तालुक्यातला मुलगा, बी.ए. राज्यशास्त्र, कॉलेजात पहिला. मुंबईतल्या एका विद्यापीठ विभागात आंतरराष्ट्रीय राजकारण घेऊन एम.ए.चं पहिलं सत्र चालू होतं. सुट्टीत घरी लाल कांद्याची काढणी करून परतला होता, हाताची नखं अजून काळी होती. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "मॅडम, माझी जागा चुकली का? ॲडमिशन रद्द करायचा अर्ज लिहून आणलाय."

(त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

असा अर्ज खिशात घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतं. काळजी साधारण एकच असते: विषय आवडीने घेतला, पण सगळं वाचन इंग्रजीत, वर्गातली मुलं मोठ्या कॉलेजांतली, घरचे विचारतात "यातून नोकरी कुठली लागते?" आणि रात्री झोप येत नाही.

अर्जाकडे मी लगेच वळले नाही. झोप किती, जेवण होतं का, जगणंच नकोसं वाटतं का, हे आधी स्पष्ट शब्दांत विचारते. शेवटच्या प्रश्नाला कुणी 'हो' म्हणालं तर एम.ए.ची चर्चा बाजूला राहते. त्याच दिवशी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलणं होतं, आणि रात्री-अपरात्री कुणीच नसेल तेव्हासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मी लिहून देते. त्याचं तसं नव्हतं. झोप तुटक होती, मेसला जाणं टाळत होता, कारण जेवताना वर्गातली मुलं युक्रेनवर इंग्रजीत बोलत आणि हा मान खाली घालून वरण-भात संपवत असे.

मग विचारलं, "परीक्षा नसती, नोकरीचा प्रश्न नसता, तर हे वाचलं असतंस?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्हाला माहितेय, हा विषय विद्यापीठात सुरूच पहिल्या महायुद्धानंतर झाला. 1919 साली, वेल्समधल्या ॲबरिस्टविथला पहिलं अध्यासन, म्हणजे या विषयाचं खास प्राध्यापकपद, निघालं. एवढी माणसं मेली, पुन्हा मरू नयेत म्हणून. म्हणजे हा विषय दुःखातून आलाय." हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं: विषय चुकलेला नाही.

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका विभागातली मुलगी अशीच आली होती. तिचं उत्तर सरळ 'नाही' होतं. वसतिगृह आणि अभ्यासिका मिळावी, शेजारी स्पर्धा परीक्षेची तयारी व्हावी, एवढ्यासाठी तिने प्रवेश घेतला होता. तिने एम.ए. सोडलं आणि ते योग्यच झालं. सोडणं म्हणजे हरणं असं मी मानत नाही. पण लाज वाटते म्हणून सोडणं वेगळं आणि नको आहे म्हणून सोडणं वेगळं. मुलांना हा फरक आतून कळत नाही, कारण दोन्हीत छातीवर सारखंच ओझं असतं.

दुसऱ्या भेटीला त्याला एक नेमून दिलेला लेख घेऊन यायला सांगितलं. चाळीस पानांचा लेख, आणि पहिल्या दोन पानांवर प्रत्येक ओळीत पेन्सिलने मराठी अर्थ. पुढची पानं कोरी. रात्रभर शब्दकोश चाळून दोन पानं व्हायची, मग रडू यायचं. मी म्हटलं, "मला या विषयातलं काही येत नाही. तू वाचलेली एखादी गोष्ट मला मराठीत समजाव."

त्याने 'सिक्युरिटी डायलेमा' घेतला. जॉन हर्झ या अभ्यासकाने 1950 मध्ये हे नाव रूढ केलं. एक देश स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं वाढवतो, शेजारच्याला ती धमकी वाटते, तोही वाढवतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा असुरक्षित. एवढं सांगून तो थांबला आणि पटकन म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बोअरचं असंच झालं. शेजाऱ्यानं तीनशे फूट घेतली, आप्पांनी चारशे घेतली, त्यानं पुन्हा पाचशे. कुणाच्याच मनात दुसऱ्याचं पाणी तोडायचं नव्हतं. आता दोघांच्याही बोअर मार्चमध्ये आटतात."

इतकं स्वच्छ मला आजवर कुणी समजावलं नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. त्याला खरं वाटेना. "हे वर्गात कसं बोलणार? हे तर गावाकडचं."

खरी गाठ इथे होती. इंग्रजी कच्चं होतं, ते नाकारून उपयोग नाही. पण त्याहून मोठी अडचण ही, की स्वतःला जे येतं ते ज्ञान आहे हेच त्याला मान्य नव्हतं. वर्गात 'बॅलन्स ऑफ पॉवर' सुरू झालं तेव्हा तीन आठवडे तो काहीतरी नवं आणि अवघड चाललंय अशा समजुतीने घाबरून बसला होता. बी.ए.ला 'सत्तासमतोल' या नावाने तेच शिकून त्याने उत्तम गुण मिळवले होते! सामूहिक सुरक्षा, राष्ट्रहित, सार्वभौमत्व, अलिप्ततावाद, सगळं त्याच्याजवळ होतं. फक्त दारावरची पाटी बदलली होती.

मग आम्ही एक वही केली. डाव्या पानावर वर्गातला शब्द, उजव्या पानावर त्याचा मराठी शब्द आणि घरचं एखादं उदाहरण. लेख वाचायची रीतही बदलली: आधी पहिलं पान आणि शेवटचं पान, मग स्वतःला एकच प्रश्न, 'या लेखकाचं भांडण कुणाशी आहे?' ते मराठीत दोन ओळींत लिहायचं आणि मगच मधली पानं उघडायची. शब्दकोश फक्त तिसऱ्यांदा अडलेल्या शब्दासाठी. महिन्याभरात तो आठवड्याला दोन लेख संपवू लागला. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा आहे का हे त्याने कार्यालयात विचारलंच नव्हतं. विचारलं, तर होती.

राहिला नोकरीचा प्रश्न. इथे मी गोड बोलत नाही. 'आंतरराष्ट्रीय राजकारणातला एम.ए. पाहिजे' अशा जाहिराती क्वचित निघतात. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा होऊनही अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवण्यात जातात. परराष्ट्र सेवेत जायला एम.ए. लागतही नाही, कुठलाही पदवीधर यूपीएससीला बसू शकतो. मात्र तिथे 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे आणि मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली, त्यामुळे हा अभ्यास तिथेही वाया जात नाही. हे सगळं कागदावर लिहून त्याने घरी फोन लावला. त्याचे आप्पा मला म्हणाले, "मॅडम, पोरगं पोलीस भरतीला बसलं असतं तर आम्हाला कळलं असतं काय करतंय ते. हे परदेशाचं राजकारण आम्हा कुणब्याला काय कामाचं?"

मी उत्तर दिलं नाही. फोन त्याच्याकडे दिला. तो म्हणाला, "आप्पा, डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, चांदवडला आपण हायवेवर बसलो होतो, आठवतं का? ते कुठं ठरलं आणि कुणावर काय झालं, तेच शिकतोय."

त्या सत्राचं सादरीकरण त्याने कांद्यावर केलं. सप्टेंबर 2019 मध्ये भारताने निर्यात थांबवली. काही दिवसांनी दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी भर कार्यक्रमात सांगितलं, की स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, आणि आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. बांगलादेशने मग इजिप्त, तुर्कस्तान, अगदी पाकिस्तानातूनही कांदा विमानाने आणला. लासलगावातला भाव आणि ढाक्यातली नाराजी हे एकाच निर्णयाचे दोन परिणाम, असं त्याने मांडलं. अर्धं इंग्रजीत, अडखळलं तिथे मराठीत. जेवताना युक्रेनवर बोलणारी मुलं नंतर त्याला भाव कसा ठरतो, लिलाव कसा चालतो, हे विचारत होती.

आता तो तिसऱ्या सत्रात आहे. इंग्रजी अजून अडतं. पोलीस भरतीची जाहिरात आली की आप्पा अजूनही व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो अर्ज त्याने फाडलेला नाही, शब्दांच्या वहीत मागे ठेवलाय. गेल्या भेटीत आम्ही त्यावर बोललोच नाही. खोलीचं भाडं वाढलंय, आणि प्रबंधासाठी बंगाली शिकायला कुठे मिळेल, हे तो विचारत होता.