कॅट-कॉन बदलण्याआधी

प्रश्न : माझी 2016ची पेट्रोल कार 85 हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभर चेक इंजिनचा दिवा लागतोय, स्कॅनरवर पी 0420 कोड येतो आणि पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त निघाला. मेकॅनिक म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट-कॉन) गेलाय, नवा महाग पडेल. त्यापेक्षा आतली जाळी काढून टाकू, पिकअपही वाढेल. काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच काढू नका. कॅट-कॉन म्हणजे इंजिनाचा विषारी धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा. त्यातली ती जाळी म्हणजे सिरॅमिकचा ठोकळा, चौरस इंचाला साधारण 400 बारीक नळ्यांचा. नळ्यांच्या आतल्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, सगळं मिळून जेमतेम काही ग्रॅम. पहिल्या दोघांमुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल ऑक्सिजनशी जळून जातं. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सोडवतं. ही दोन्ही कामं एकदम व्हायला 1 किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हेच प्रमाण लागतं. ते सतत थोडं खालीवर होतं, म्हणून थरातलं सेरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं.

पी 0420 नेमकी ही साठवण कमी झाल्याचं सांगतो. पण लगेच कॅट-कॉनवर शिक्का मारू नका. इंजिन पुरतं तापवून 2500 आरपीएमला धरा आणि स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (एक कॅट-कॉनच्या पुढे, एक मागे) बघा. पुढचा साध्या प्रकारचा असेल तर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये नाचत राहतो. मागचा 0.6-0.7च्या आसपास शांत हवा. तोही पुढच्याच तालावर नाचत असेल तर कॅट-कॉन खरंच थकलाय. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपात गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग फसवं येतं. गॅस्केट आणि जोड आधी तपासा, तिथे काळी काजळी दिसते.

आता महत्त्वाचं : तो थकला कशाने? पी 0300 ते 0304 यांपैकी मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड आहे का पाहा. खराब प्लग किंवा कॉइलमुळे न जळलेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन पेटतं, तापमान हजार अंशांपार जातं आणि ठोकळा वितळून नळ्या बुजतात. गाडी थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खडखडलं तर तो फुटलाय. इंजिन ऑइल कमी होत असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा लेप धातूंवर बसतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कॅट-कॉन बसवलात तर तोही जाईल.

पिकअपचं म्हणाल, तर धड कॅट-कॉनमुळे पडणारा फरक रोजच्या चालवण्यात जाणवत नाही; तुंबला असेल तर मात्र गाडी ओढत नाही, आणि तेव्हा तो बदलायलाच हवा. जाळी काढली की विषारी धूर थेट बाहेर पडतो, दिवा लागलेलाच राहतो आणि पीयूसी मिळणं अवघड होतं.

पीयूसीला गाडी थंड नेऊ नका. साधारण 250 ते 300 अंशांखाली कॅट-कॉन कामच करत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवून मगच चाचणी करा. तुमची गाडी बीएस 4 (भारत स्टेज 4 या प्रदूषण-मानकाची) असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सीओची मर्यादा 0.3 टक्के आहे.