.४५८ विंचेस्टर मॅग्नमसाठी काडतुसे पुन्हा भरताना गोळीला क्रिंप देणे, म्हणजे पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) तोंडाची कडा गोळीवर दाबून दुमडणे, खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि इतक्या जोरकस धक्क्याच्या रायफलीत त्याला पर्याय आहे असे मी मानत नाही. १९५६ मध्ये आलेल्या या काडतुसात बहुधा ५०० ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम वजनाची गोळी असते. बार उडताच रायफल वेगाने मागे येते, मात्र मॅगझिनमधील उरलेली काडतुसे जडत्वामुळे जागीच राहू पाहतात आणि मॅगझिनची पुढची भिंत त्यांच्या गोळ्यांच्या टोकांवर आदळून त्या पुंगळीत आणखी आत रेटते. गोळी आत गेली की दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब वाढतो.

म्हणून पुंगळीच्या तोंडाची कडा गोळीवरील खाचेत घट्ट दुमडावी. मात्र त्यासाठी सर्व पुंगळ्या एकाच लांबीच्या कापलेल्या हव्यात, अन्यथा क्रिंप कुठे सैल तर कुठे अतिरेकी बसतो. केवळ क्रिंपवर विसंबू नये, पुंगळीच्या मानेची पकडही तितकीच महत्त्वाची असते. तपासणी सोपी आहे: एक काडतूस मॅगझिनमध्येच ठेवून बाकीची झाडावीत आणि त्याची लांबी कॅलिपरने आधी व नंतर मोजावी. (भारतात काडतुसे भरण्यासाठी परवाना लागतो, हे ओघाने आलेच.)