मांड्या जाड आहेत म्हणून जिमला जायची लाज वाटते, काय करू?

अगं, फक्त मांड्यांची चरबी उतरवणारा व्यायाम नसतोच, रील्समध्ये काहीही सांगतात. बायकांमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे चरबी मांड्या-नितंबांवर जास्त साठते, त्यात तुझी काही चूक नाही गं. पोटरीचा आकार तर बराचसा आईबापांकडूनच येतो.

मग व्यायाम कशाला, तर पाय मजबूत व्हायला, आणि त्याला जिमच लागतं असं नाही. घरी खुर्चीच्या कडेला बस, हात छातीवर, टाचा जमिनीत दाबून उठ, आणि खाली येताना धपकन न बसता तीन अंक मोजत सावकाश ये, गुडघे आत वळू देऊ नकोस. असं दहा वेळा, आठवड्यातून दोनतीन दिवस, जोडीला अर्धा तास भरभर चालणं. मांड्या घासून सालटी निघतात म्हणून चालणं टाळत असशील तर कुर्त्याखाली सरळ सायकलिंग शॉर्ट्स घाल, खूप फरक पडतो.

फक्त पाय दाबल्यावर दुखत असतील, सहज काळेनिळे पडत असतील आणि पावलं मात्र बारीक असतील तर डॉक्टरांना नक्की दाखव, लिपेडिमा म्हणजे पायांवर चरबी विचित्रपणे साठण्याचा आजार असू शकतो, तो नुसत्या डाएटने जात नाही त्यामुळे प्लीज उगाच उपाशी राहू नकोस.