वर्गात सादरीकरण चालू असताना प्रोजेक्टर बंद पडला तर वेळ कशी मारून न्यावी?

‘वेळ मारून न्यावी’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. अकरावीत माझ्यावर नेमका हाच शिक्का बसला होता.

विषय होता गोव्यातली खाजन शेती, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली भातशेती. दुसऱ्या स्लाइडवर होते आणि वीज गेली. आमचं शेत मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या खाजनात, त्यामुळे बांधातली मानस, म्हणजे पाण्याच्या ये-जा करण्याचं दार, आजोबांबरोबर कितीदा तरी पाहिलेली. भरतीला मांडवीचं खारं पाणी बाहेरून रेटतं, लाकडी दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडतं. कुणी हात लावावा लागत नाही.

मी वर्गाचं दार धरलं. म्हटलं, “ही मानस. वर्ग म्हणजे शेत, व्हरांडा म्हणजे मांडवी.” पहिल्या बाकावरच्या दोघांना बाहेर पाठवून ढकलायला लावलं, तर दार आतच उघडलं! म्हणजे भरतीचं पाणी थेट भातात. पोटात गोळा आला. मग सुचलं. “थांबा, शेत व्हरांड्यात आहे. तुम्ही सगळे नदीत बसलाय.” आता वर्गातल्यांनी रेटलं, दार धाडकन चौकटीला बसलं. व्हरांड्यातल्यांनी ढकललं, उघडलं. मागून एकाने विचारलं, “मग सुंगटं (कोळंबी) कुठे धरतात?” मी चौकटीत ओढणी आडवी धरली. ओहोटीला पाणी निघतं तेव्हा जाळं इथेच लावतात.

गुण मिळाले १० पैकी ५. टीचर म्हणाल्या, “स्लाइड नव्हत्या, नुसती वेळ मारून नेलीस.”

मला हे आजही पटत नाही. वेळ मारून नेतो तो, ज्याला विषय येत नाही. स्लाइडवरचं वाचून दाखवणाऱ्याला वीज गेल्यावर काही सुचणार नाही, कारण त्याच्याकडे होतं ते सगळं पडद्यावर होतं. तुमच्या विषयातली निदान एक गोष्ट समोरच्या वस्तूंनी करून दाखवता येईल इतकी समजून घ्या. आणि कुणी त्याला नाटक म्हटलं तर ऐकून घेऊ नका, तिथल्या तिथे विचारा की माझं चुकलं काय. मी विचारलं नाही.

हां, आकड्यांचं मात्र असं जमत नाही. ते कागदावर लिहून खिशात ठेवाच. गोव्यातली खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर, मी घाईत ८० हजार म्हणून गेले. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याचे गुण कापले असते तर मी निमूट मान्य केलं असतं.